पाण्यावरची रेघ

बत्तीस वर्षं दिचोलीत, खाणीच्या ड्रॉइंग ऑफिसात
मी पट्टी धरली.
पाणी म्हणजे तिथं शत्रू.
खड्ड्यात साचलं की पंप, पंप बिघडला की शिव्या,
आणि ट्रेसिंगवर एक थेंब सांडला
तर आठवडा परत आखायचा.

आता शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
मयड्याची केळी आणि चोरिसांच्या माळा
यांच्या मधल्या चार फुटांत माझी घडीची खुर्ची.
जॅमच्या बाटलीत पाणी घेऊन बसतो
आणि त्यालाच विचारतो,
बाबा, आज कुठं जायचं?

लोक आधी बोट लावून बघतात.
मग कार्ड उलटं करतात,
पाठीला पोक आलंय का, रंग कुठवर मुरलाय.
"छापील वीसला मिळतं."
मिळतं, मी म्हणतो. गुळगुळीत असतं, घ्या.
पाच पावलं जातात, परत येतात,
तेच कार्ड शोधतात. दुसरं चालत नाही.

हणजुण्याच्या एका बारशाला
लिंबाची एकच डहाळी सत्तर वेळा काढली.
सत्तर डहाळ्या झाल्या.
पाहुणे म्हणे जेवण सोडून अदलाबदल करत बसले,
तुझं लिंबू पिकलंय, माझं अजून हिरवं.

पांढरा रंग माझ्या डबीत नाही.
उजेड हवा असेल तर कागद सोडावा लागतो.
हे सोडणं मला फार उशिरा आलं,
साठी ओलांडल्यावर.

मग ती आली, सुकोरिना.
मोबाइलची काच तडकलेली, आत एक बार्ज.
नवऱ्याची सत्तरी. एक्केचाळीस वर्षं मांडवीवर,
सारमानसहून मुरगाव, मुरगावहून सारमानस.
बार्ज गॅसकटरनं कापून कधीच भंगारात गेली.
"कार्डाचेर घाल मरे, पात्रांव. फाल्यां केक कापतलो."

घातली. किनाऱ्याचे माड ओल्यात ओले सोडले,
नदी एका दमात ओढली, ब्रश न उचलता.
एवढी नीट जमली की
मला माझाच थोडा संशय आला.

पुढच्या शुक्रवारी कार्ड घेऊन ती परत.
मी पाकिटाकडे हात नेला, पैसे परत मागणार म्हणून.
ती म्हणाली, कायताननं चष्मा पुसून पाहिलं,
उजेडात धरून पाहिलं, उशाशी घेऊन झोपला.
सकाळी उठून एवढंच म्हणाला,
"भरिल्ली बार्ज इतली वयर उफेता व्हय?"

बरोबर होतं त्याचं.
मी रिकामी बार्ज काढली होती.
एक्केचाळीस वर्षं राबलेल्या माणसाला
सत्तरीच्या दिवशी रिकामा पाठवला होता.

छापील असतं तर इथंच संपलं असतं.
मी ओल्या ब्रशनं बार्जच्या पोटाखालची रेघ चोळली.
ती सुटली. फडक्यानं टिपली.
नदी दोन मिलिमीटर वर घेतली
(एका मिलिमीटरला किती टन,
हे हात अजून मनातल्या मनात मोजतो)
आणि खोक्याच्या तळाची बाटली काढली.
जेटी बंद झाली त्या दिवशी रुमालात बांधून आणलेली धूळ,
घरी डिंकात घोटलेली.
कुणाच्याच कार्डाला आजवर लावली नव्हती.
टोकावर घेतली, डेकवर रास ओतली.
लाल. जराशी खरखरीत.
बोट लावलं तर कळेल इतकी.

केळीवाली वाकून बघत होती. चोरीसवाला गिऱ्हाईक सोडून उभा.

"कितले जाले?" तिनं विचारलं.
म्हटलं, काही नाही. माल कंपनीचा आहे.

ती हसली नाही.
रंग ओला होता, म्हणून पिशवीत घातलं नाही.
दोन्ही तळव्यांवर आडवं धरून
त्या गर्दीतून हळूहळू निघाली,
एका अंगाला जरासुद्धा कलू न देता.